फ्लशच्या आधी उतरलेली मोजणी: पेज मॅपिंगच्या एका पॅचचा रिव्ह्यू

पार्श्वभूमी

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यातल्या मेमरी व्यवस्थापनाचे पॅच, म्हणजे कोडमधले प्रस्तावित बदल, तपासणं हे माझं रोजचं काम. पुढचं प्रकरण त्यातल्याच एका पॅचचं आहे. माणसं, संस्था आणि उत्पादन ओळखू येणार नाही इतपत तपशील गाळले आहेत. कोडमधला क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या क्रमाचंच आहे.

आमचा कर्नल लिनक्सच्या ६.२ आधीच्या एका आवृत्तीवरून काढलेला. त्यात एक ड्रायव्हर आहे. तो स्वतःजवळ पेजेसचा, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा, पूल ठेवतो आणि मागेल त्या प्रोसेसला त्यातली पेजेस मॅप करून देतो. पूल आटत आला की एखाद्या प्रोसेसकडची पेजेस तो परत काढून घेतो. प्रोसेसने त्या पत्त्याला पुन्हा हात लावला की पेज फॉल्ट होतो आणि तिला दुसरं पेज मिळतं.

परत घेण्याचं हे काम दिसतं तितकं सरळ नाही. एक्स८६-६४ वर साधं पेज ४ केबीचं असतं. प्रोसेसचा कोणता पत्ता कोणत्या पेजवर जातो हे पेज टेबलात नोंदलेलं असतं. सर्वांत खालच्या पेज टेबलात ५१२ नोंदी असतात, म्हणजे एक टेबल २ एमबीचा पट्टा सांभाळतं. नोंद पुसली की मॅपिंग गेलं असं वाटतं, पण प्रत्येक कोर नुकतेच वापरलेले पत्ते कोणत्या पेजवर जातात हे टीएलबी नावाच्या आपल्या छोट्या साठ्यात जपून ठेवतो. पेज टेबल बदलल्याची खबर त्याला आपोआप लागत नाही. त्या प्रोसेसचे थ्रेड ज्या ज्या कोरवर चालू आहेत, त्या प्रत्येकाला आयपीआय, म्हणजे कोरने कोरला पाठवलेला इंटरप्ट, पाठवून जुनी नोंद टाकून द्यायला सांगावं लागतं. यालाच टीएलबी फ्लश म्हणतात. सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत पाठवणारा थांबतो. ही थांबणी महाग पडते.

आणखी दोन मोजण्या लक्षात ठेवायच्या. रेफकाउंट सांगतो की हे पेज कितीजणांनी धरलं आहे. मॅपकाउंट सांगतो की ते किती पेज टेबल नोंदींत लागलेलं आहे. दोन्ही आकडे एकाच पेजबद्दलचे, पण प्रश्न वेगळे. या प्रकरणात आम्ही एकाकडे बघत बसलो आणि घोळ दुसऱ्यात होता.

बदल काय होता

जुना कोड एकेक पेज घ्यायचा. पेज टेबलचं लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) धरायचा, नोंद पुसून त्याच क्षणी टीएलबी फ्लश करायचा, मॅपकाउंट कमी करायचा, रेफरन्स सोडायचा, लॉक सोडायचा. सुरक्षित, पण २ एमबीचा पट्टा परत घ्यायचा तर ५१२ फ्लश, आणि प्रत्येक फ्लशला आयपीआयची एक फेरी. बरेच थ्रेड चालू असलेल्या प्रोसेसवर हे फार जड जात होतं. मोजमापात ते स्पष्ट दिसत होतं आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

सहकारी अभियंत्याने लिहिलेला पॅच छोटा होता. लॉक एकदाच घ्यायचं, लूपमध्ये सगळ्या नोंदी पुसायच्या, पेजेस एका यादीत टाकायची. लूप संपल्यावर लॉक सोडायचं, सगळ्या पट्ट्यासाठी एकच फ्लश करायचा, आणि त्यानंतरच यादीतल्या पेजेसचे रेफरन्स सोडायचे. पॅचच्या वर्णनात शेवटचं वाक्य होतं: ‘वर्तनात बदल नाही, फक्त फ्लशची संख्या कमी.’

डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक ओळीओळीने दाखवणारा मजकूर, कसा दिसत होता ते नीट सांगतो. ‘पुसा आणि फ्लश करा’ ही ओळ वजा झाली, तिच्या जागी ‘फक्त पुसा’ आली. रेफरन्स सोडण्याची ओळ लूपमधून वजा होऊन खाली फ्लशनंतर अधिक झाली. या दोन बदलांच्या मध्ये एक ओळ होती, मॅपकाउंट कमी करणारी. तिच्यापुढे ना अधिक, ना वजा. ती होती तिथेच होती. डिफच्या रंगांत ती पांढरीच राहिली, नुसता संदर्भ म्हणून छापलेली.

पहिलं वाचन

पेज मॅपिंगच्या पॅचमध्ये मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो: फ्लश पूर्ण व्हायच्या आत पेज मोकळं होतं का? झालं, तर एखाद्या कोरच्या टीएलबीत जुनी नोंद शिल्लक असताना ते पेज दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. पॅच लिहिणारीला हे माहीत होतं, म्हणूनच तिने रेफरन्स फ्लशनंतर सोडले होते. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, बरोबर म्हटलं आणि पुढे गेलो. चाचण्याही हिरव्या होत्या.

मंजुरी द्यायच्या बेतात असताना अडलो ते ‘लॉक सोडल्यावर फ्लश’ या क्रमावर. हा क्रम २०१८ पासून माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. त्या वर्षी जॅन हॉर्न यांनी लिनक्सच्या एमरीमॅप या सिस्टम कॉलमधला दोष दाखवला, तो सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१८-१८२८१ म्हणून नोंदला गेला. एमरीमॅप नोंदी जुन्या जागेवरून नव्या जागेवर हलवायचा, लॉक सोडायचा आणि मग फ्लश करायचा. त्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड फाइल छोटी करण्याचा कॉल करत आला, तर त्या वाटेने नोंदी काढल्या जायच्या आणि पेज मोकळं व्हायचं, पण जुन्या पत्त्याची टीएलबी नोंद अजून जिवंत असायची. ३.२ पासूनच्या कर्नलमध्ये हा दोष होता. तो ४.१९ मध्ये आणि ४.९.१३५, ४.१४.७८, ४.१८.१६ या दुरुस्ती आवृत्त्यांत बुजवला गेला. इतकी वर्षं इतक्या जणांनी तो कोड वाचला आणि फट दिसली नाही, कारण एमरीमॅपचा कोड एकटा वाचला तर त्यात चूक सापडत नाही. चूक दिसायची तर त्या फटीत दुसरं कोण येऊ शकतं हे बघावं लागतं.

म्हणून मीही तेच विचारलं: आमच्या फटीत कोण येऊ शकतं, आणि त्याला काय दिसेल?

अडचण

नोंद पुसलेली, मॅपकाउंट उतरलेला, रेफरन्स धरलेला आणि फ्लश बाकी, अशी ती फट. मॅपकाउंट कोण वाचतं हे मी कर्नलच्या सगळ्या कोडमध्ये शोधलं. ड्रायव्हरच्याच दुसऱ्या एका फाइलमध्ये, जिला या पॅचने हातही लावला नव्हता, पुलाची वाटप करणारी वाट होती. ती रिकामी पेजेस शोधताना ‘हे पेज कुठे मॅप आहे का’ एवढंच विचारायची. मॅपकाउंट शून्य असेल तर पेज शून्यांनी भरून पुढच्या प्रोसेसला द्यायची. पेज टेबलचं लॉक ती कधी घेतच नव्हती, आणि घेणार तरी कुणाचं? पेज पुलाचं, त्या प्रोसेसचं नव्हे.

इथे तो धरून ठेवलेला रेफरन्स निरुपयोगी ठरत होता. त्यामुळे पेज कर्नलच्या सर्वसाधारण अलोकेटरकडे, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या भागाकडे, परत जाण्यापासून वाचत होतं हे खरं, पण ते तसंही जाणार नव्हतं, कारण पुलाचा स्वतःचा एक रेफरन्स प्रत्येक पेजवर कायम असतो. ज्या दारातून पेज खरोखर निसटत होतं तिथे रेफकाउंट कुणी बघतच नव्हतं.

प्रसंग असा घडू शकत होता. कोर १ वर पहिल्या प्रोसेसचा थ्रेड बफरमध्ये सतत लिहितो आहे, त्याच्या टीएलबीत नोंद आहे. कोर ० वर पेज परत घेण्याचं काम सुरू होतं: नोंद पुसली, मॅपकाउंट शून्यावर आला, फ्लशला अजून अवकाश आहे. कोर २ वर पूल ते पेज बघतो, मॅपकाउंट शून्य दिसतो, पेज शून्यांनी भरतो आणि दुसऱ्या प्रोसेसला देतो. कोर १ लिहितोच आहे. आता त्याचं लिखाण दुसऱ्या प्रोसेसच्या पेजमध्ये पडतं. तो वाचत असता तर दुसऱ्याचा डेटा वाचत बसला असता. दोन प्रोसेसमधली भिंतच तेवढ्यापुरती पडते.

मॅपकाउंटने खोटं सांगितलं नव्हतं. पेज खरोखर कुठल्याच टेबलात नव्हतं. फक्त ते अजून एका कोरच्या टीएलबीत होतं, आणि टीएलबीची मोजणी कोणी ठेवत नाही. जुन्या कोडमध्ये मॅपकाउंट फ्लशनंतर उतरायचा, त्यामुळे ‘शून्य’ म्हणजे ‘आता कुणीच पोहोचू शकत नाही’ असा अर्थ आपोआप निघायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पूल त्याच्यावर विसंबून होता आणि पॅचने तो न सांगता मोडला.

चाचण्यांना का सापडलं नाही

हे मुद्दाम सांगतो, कारण बैठकीत पहिला प्रश्न हाच आला आणि तो योग्य होता.

लॉकडेप हे कर्नलचं तपासणी साधन लॉक घेण्याचा क्रम तपासतं. इथे लॉकच्या क्रमात काही चूक नव्हती. केसॅन हे मेमरीचा चुकीचा वापर शोधणारं साधन कर्नलच्या कोडमधली वाचणी-लिहिणी तपासतं, कारण कंपायलर त्या कोडमध्ये तपासणी पेरतो. इथलं चुकीचं लिखाण युजर प्रोग्रॅम करत होता, थेट हार्डवेअरमधून. केसॅनच्या नजरेत ते येतच नाही. एकाच वेळच्या वाचणी-लिहिणीतल्या शर्यती शोधणाऱ्या केसीसॅनचंही तेच. पेज पॉइझनिंग, म्हणजे मोकळ्या पेजमध्ये ठरावीक नमुना भरून ते पुन्हा वापरताना तपासणं, इथे उपयोगी पडलं असतं, पण ते कर्नलच्या अलोकेटरमधून जाणाऱ्या पेजेससाठी. आमची पेजेस पुलातच फिरत होती.

थोडक्यात, रोजच्या चारही जाळ्यांच्या बाहेरून हा दोष जात होता. असं काही असलं की वाचणं हीच मुख्य तपासणी होऊन बसते.

कोणते पर्याय पाहिले

पॅच नाकारून जुना कोड ठेवणं हा एक पर्याय होताच. पण मूळ तक्रार खरी होती, तेव्हा तो कुणालाच पटला नाही.

दुसरा पर्याय मी स्वतः रिव्ह्यूमध्ये लिहिला: ‘फ्लश लॉकच्या आत घे.’ एमरीमॅपची दुरुस्ती त्याच धर्तीची होती, म्हणून हातासरशी सुचला. पॅच लिहिणारीचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘आत घेतला तरी पूल हे लॉक घेतच नाही. मॅपकाउंट फ्लशच्या आधी उतरतोय तोवर फट तेवढीच राहते ना?’ तिचं बरोबर होतं. मी रोग नीट ओळखून औषध दुसऱ्याच रोगाचं दिलं होतं. तिने ते मुकाट्याने मान्य करून पुढची आवृत्ती पाठवली असती तर मी बहुधा मंजूर केली असती, आणि हे मला आजही अस्वस्थ करतं.

तिसरा पर्याय एमएमयू गॅदरचा, म्हणजे कर्नलची नोंदी काढण्याची तयार यंत्रणा. ती पेजेस जमा करते, एकत्र फ्लश करते आणि मगच सोडते. अनुभवी कोड, तोच वापरावा असं दोघांचं मत होतं. पण आमच्या जुन्या आवृत्तीत तीही मॅपकाउंट फ्लशच्या आधी उतरवायची. मुख्य लिनक्समध्ये ६.२ आवृत्तीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी हे बदललं: शेअर केलेल्या फाइलच्या डर्टी (बदललेल्या, पण अजून डिस्कवर न लिहिलेल्या) पेजेसचं मॅपकाउंट उतरवणं टीएलबी फ्लश होईपर्यंत लांबवलं. तिथली अडचण डर्टी पेजचं शेवटचं लिखाण हरवण्याची होती, आमची पेज भलत्याच्या हातात जाण्याची. मूळ मात्र एकच. तो बदल मागे आणायचा तर मेमरी व्यवस्थापनाच्या गाभ्यात हात घालावा लागत होता, तोही एका ड्रायव्हरसाठी. सोडून दिला.

चौथा पर्याय पुलाची तपासणीच बदलायचा: मॅपकाउंट नको, रेफकाउंट बघा. खरं तर हाच मुळावर घाव. पण रेफकाउंट इतर कारणांनीही तात्पुरता वाढतो, पूल अशा वेळी पेज न मिळाल्यामुळे अडून बसेल अशी भीती होती, आणि तो कोड दुसऱ्या गटाकडे होता. ‘नंतर बघू’ असं ठरलं. याच्याकडे शेवटी येतो.

काय केलं

पहिली गोष्ट, पॅच चाचणीच्या शाखेत आधीच गेला होता तो त्याच दिवशी मागे घेतला. यावर थोडी खडाजंगी झाली. ‘दोष कागदावरचा आहे, कुणाला दिसलेला नाही’ असं एक म्हणणं होतं. माझं म्हणणं, दोन प्रोसेसमधली भिंत पडत असेल तर आधी मागे घ्या, वाद नंतर घालू.

दुसरी गोष्ट, दोष प्रत्यक्ष दाखवायचा ठरला. इथे दोन मतं होती. क्रम कागदावर सिद्ध झाला असताना त्यात दिवस का घालवायचे, असं मला वाटत होतं. पॅच लिहिणारीने आग्रह धरला की तिला तो डोळ्यांनी बघायचा आहे, दुरुस्ती तपासायलाही तोच उपयोगी पडेल. तिने लॉक सोडणं आणि फ्लश यांच्यामध्ये मुद्दाम थोडा विलंब घातला. एका प्रोग्रॅमचा थ्रेड पेजच्या सुरुवातीला एक आठ बाइटची संख्या वाढवत राहतो, दुसरा थ्रेड पेज परत घ्यायला लावतो. वेगळी प्रोसेस पुलातून पेजेस घेते आणि ती पूर्ण शून्य आहेत का ते बघते. थोड्याच वेळात दुसऱ्या प्रोसेसला एक पेज मिळालं, ज्यात पहिले आठ बाइट सोडून सगळे शून्य होते. तिने तेच पेज पुन्हा वाचून छापलं. संख्या वाढलेली होती. पुन्हा वाचलं. आणखी वाढली. मग फ्लश पोहोचला आणि ती थांबली.

ते बघितल्यावर ‘कागदावरचा दोष’ हे शब्द पुन्हा कुणी काढले नाहीत. विलंब न घालता, पण व्हर्च्युअल मशीनवर भरपूर ताण देऊनही तिने प्रयत्न केला. तिथे व्हर्च्युअल कोर मधेच बाजूला काढला गेला तर फट आपोआप रुंदावते. तसाही तो एकदा दिसला.

दुरुस्ती अशी ठरली. लॉक घ्यायचं. पहिल्या लूपमध्ये नोंदी पुसायच्या आणि पेजेस यादीत टाकायची, दुसरं काही नाही. लॉक हातात असतानाच फ्लश करायचा. दुसऱ्या लूपमध्ये मॅपकाउंट उतरवायचा आणि रेफरन्स सोडायचा. मग लॉक सोडायचं. फ्लश लॉकच्या आत ठेवण्याचं कारण वेगळं आहे: दुसरा थ्रेड त्याच पट्ट्यावर एम-अनमॅप, म्हणजे मॅपिंग काढून टाकणारा सिस्टम कॉल, घेऊन आला तर त्याला रिकामी नोंद दिसून ‘इथे फ्लश करण्यासारखं काही नाही’ असा समज होऊ नये. म्हणजे माझी सूचना टाकून दिली गेली नाही, फक्त ती एकटी पुरेशी नव्हती.

यादी किती मोठी ठेवायची यावर मात्र मी मनापासून वेळ घालवला. पूर्ण टेबलाच्या ५१२ पेजेसची यादी म्हणजे ५१२ पॉइंटर, प्रत्येकी आठ बाइट, बरोबर ४ केबी. एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक १६ केबीचा, त्यातला चौथा हिस्सा एका यादीला देणं योग्य नाही. वेगळी मेमरी मागावी तर हे काम चालतंच मुळी पेजेसची चणचण असताना. शेवटी ३२ ची तुकडी ठरली: स्टॅकवर २५६ बाइट. या आकड्याला आणखी एक आधार आहे. एक्स८६ वर लिनक्स ३३ पेजेसपर्यंत एकेक नोंद टीएलबीतून काढतो, त्यापेक्षा जास्त असतील तर त्या प्रोसेसचा टीएलबी सरसकट रिकामा करतो. ३२ वर थांबलं की बाकीच्या उपयोगी नोंदी शाबूत राहतात आणि लॉकही फार वेळ अडत नाही. पूर्ण टेबलासाठी ५१२ फ्लशच्या जागी १६ झाले.

दुसऱ्या लूपच्या डोक्यावर एक टिप्पणी लिहिली: मॅपकाउंट शून्य झाला की पूल हे पेज लगेच दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणून ही ओळ फ्लशच्या वर नेऊ नये. त्यात पुलाच्या त्या फंक्शनचं नावही घातलं.

निष्पत्ती

विलंब घातलेली चाचणी नव्या कोडवर रात्रभर चालवली, शून्य नसलेलं पेज एकदाही मिळालं नाही. एकाच फ्लशच्या तुलनेत थोडा वेग गेला, पण मूळ तक्रार मिटण्याइतका उरला. विलंबाचा भाग एका कॉन्फिग पर्यायाखाली कायमचा ठेवला आणि ती चाचणी रोजच्या चाचण्यांत घेतली. पॅचच्या वर्णनातलं ‘वर्तनात बदल नाही’ हे वाक्य गेलं. त्या जागी नोंद, फ्लश, मॅपकाउंट, रेफरन्स हा क्रम आणि त्यामागची कारणं आली.

वेगळं काय करता आलं असतं

मॅपकाउंट कोण वाचतं हा शोध मी शेवटी घेतला, तो पहिल्या दहा मिनिटांत घ्यायला हवा होता. डिफमध्ये ज्या ओळीपुढे खूण नाही ती बदललेली नाही, असं डोळा धरून चालतो. क्रम बदलणाऱ्या पॅचमध्ये हा समज घातक आहे. आता मी असे पॅच डिफमध्ये वाचत नाही. जुनं आणि नवं फंक्शन शेजारीशेजारी उघडतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर नोंद, टीएलबी, मॅपकाउंट, रेफकाउंट यांची अवस्था कागदावर मांडतो. चार रकाने, सहा-सात ओळी. या पॅचसाठी तो तक्ता नंतर मांडून पाहिला तेव्हा तिसऱ्याच ओळीत ‘टीएलबीत आहे, मॅपकाउंट शून्य’ अशी जोडी समोर आली.

मी थेट उपाय सुचवला हीही चूकच. ‘या फटीत पुलाला काय दिसेल?’ एवढंच विचारलं असतं तर तिने योग्य उत्तर पहिल्याच फेरीत दिलं असतं. वरिष्ठाने उपाय लिहिला की समोरचा माणूस तो तपासायच्या ऐवजी अमलात आणायला लागतो. इथे तसं झालं नाही, त्याचं श्रेय तिचं आहे.

आणि तो चौथा पर्याय. ‘नंतर बघू’ म्हटलं तेव्हा आम्ही पुलाच्या तपासणीकडे फक्त टीएलबीच्या बाजूने बघत होतो. पण कर्नलमध्ये पेज पिनही करता येतं, म्हणजे वापर संपेपर्यंत जागेवर धरून ठेवता येतं: डायरेक्ट आयओसाठी एखादं उपकरण डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट त्या पेजमध्ये लिहीत असतं, तेव्हा पेज टेबलातली नोंद गेली तरी उपकरण लिहीतच राहतं. अशा पेजचा मॅपकाउंट शून्य असू शकतो आणि रेफकाउंट वाढलेला असतो. म्हणजे पूल पहिल्यापासून, आमच्या पॅचच्या कितीतरी आधीपासून, चुकीची मोजणी बघत होता. फ्लशचा क्रम कितीही नीट लावला तरी ही वाट उघडीच होती. आम्ही त्या फंक्शनसमोर आठवडाभर बसलो होतो आणि हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही.

तो तिनेच काही महिन्यांनी विचारला. नव्या पॅचमध्ये पूल रेफकाउंट बघतो, आणि कुणी पेज धरलेलं असेल तर ते बाजूच्या यादीत ठेवून पुढच्या पेजकडे जातो, त्यामुळे अडून बसण्याची भीती उरली नाही. रिव्ह्यूला तो माझ्याकडेच आला. वर्णनाच्या सुरुवातीला तिने मॅपकाउंट वाचणाऱ्या सगळ्या जागा फाइलनिहाय लिहिल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती जागा त्या आकड्यावरून काय गृहीत धरते ते.